पुष्याजवळच्या ताऱ्याची दरखास्त

दिनकरराव झरीकरांना फक्त एका ताऱ्याची चौकशी करायची होती. ती सरकारी कचेरीमार्फत करावी लागली, हेच पुढच्या सगळ्या हालांचं मूळ.

बोरीच्या हायस्कुलात ते गणित शिकवायचे. बावीस वर्षं खडू उगाळून त्यांच्या चेहऱ्यावरही एक पांढुरकं थकलेपण बसलं होतं. माणूस गरीब. पान नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. आणि ज्याला एकही व्यसन नाही त्याच्याकडे गाव जरा संशयानंच बघतं. खूळ एकच, दुर्बिणीचं. आरसा त्यांनी पावणेदोन वर्षं ओसरीवर बसून स्वतःच्या हातानं घासला होता. नळी म्हणून बोअरचा जाड पाइप वापरला होता. त्यामुळे ती पहिल्यांदा गच्चीवर उभी केली तेव्हा गल्लीतल्या दोघांनी थांबून विचारलं होतं, "मास्तर, पाणी किती फुटावर लागलं?"

चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी, दिवेलागण होऊन गेल्यावर, पुष्य नक्षत्रातल्या ताऱ्यांच्या पुंजक्याशेजारी त्यांना एक तारा दिसला. तसे तिथं तारे रगड. पण हा त्यांच्याकडच्या नकाशात नव्हता. नकाशा साधासुधा नव्हे. परदेशी, जाडजूड, एका निवृत्त प्राध्यापकानं प्रेमानं दिलेला. दिनकररावांनी चार संध्याकाळी ताडून पाहिलं. पाचव्या संध्याकाळी त्यांनी बायकोला वर बोलावलं.

नर्मदाबाईंनी पदराला हात पुसून डोळा लावला.

"दिसला?"

"एक दिसायलाय. बाकीचे बी दिसायलेत. ह्यातला तुमचा कोणता?"

"डावीकडचा. तो नकाशात नाही."

"नकाशात आपली गल्ली तरी कुठंय?" असं म्हणून नर्मदाबाई खाली गेल्या, कारण तव्यावर भाकरी होती.

विषय तिथंच संपायचा. पण शेजारच्या गच्चीवर किशनराव बाजेवर आडवे झाले होते. किशनराव म्हणजे चाळीस एकरांचे धनी, ग्रामपंचायतीचे माजी सरपंच, आणि कान इतका तिखट की तिसऱ्या घरातलं भांडण त्यांना पहिल्या घराआधी कळायचं. त्यांनी "नकाशात नाही" एवढंच ऐकलं. सकाळी स्टँडवरच्या हॉटेलात बातमी झाली की मास्तरला नवा तारा घावला. दुपारपर्यंत तो सूर्याएवढा झाला होता. आणि दिनकरराव शाळेतून घरी येईपर्यंत, पाडव्याला पंचायतीपुढं त्यांचा जाहीर सत्कार करायचा, असं ठरूनही गेलं होतं.

"अहो, पण खात्री झालेली नाही," दिनकरराव म्हणाले.

"खात्री करायला दीड महिना हाय की," किशनराव म्हणाले. "तेवढ्यात पोरीचं लगीन जमतंय."

पुढचा प्रश्न नावाचा. किशनरावांच्या मनात वडलांचं नाव होतं, दुसऱ्यांच्या मनात गावाचं, तिसऱ्यांच्या मनात देवीचं. नाव ही मराठवाड्यात हलक्यानं घ्यायची गोष्ट उरली नव्हती. विद्यापीठाच्या कमानीवर नुकतंच जानेवारीत नवं नाव लागलं होतं आणि त्यापायी सोळा वर्षं माणसांनी मार खाल्ला होता, कितीकांची घरं जळाली होती. त्या वेळी आपण खाली मान घालून गणितं तपासत बसलो, ही बोच दिनकररावांना अजून होती. ते एकदम ताठ झाले.

"ताऱ्याला नाव नसतं. आकडा असतो," ते म्हणाले.

"मंग आकडा बी आपल्याच गावचा लावू," किशनराव म्हणाले.

दिनकररावांनी पुण्याला राधाकिशनला पत्र टाकलं. हा त्यांचा कॉलेजातला मित्र, आता एका वेधशाळेत नोकरीला. त्याचं उत्तर आलं ते असं : आधी गाजावाजा करू नकोस. (पत्र पोचलं तेव्हा पंचायतीच्या भिंतीवर गेरूनं "सत्कार समारंभ" असं लिहून झालं होतं.) अमेरिकेतल्या एका संस्थेनं सगळ्या आकाशाचे फोटो घेऊन त्यातल्या ताऱ्यांची यादी केलीय. ती आकाशाच्या तुकड्यांप्रमाणे फायलींमध्ये ठेवलीय. तुझ्या तुकड्याची एक फाईल मागव आणि त्यात तुझा तारा आहे का बघ. आमची इथली लाइन महिनाभर बंद आहे. पण तुमच्या जिल्ह्याला सरकारी उपग्रहाची छत्री आहे. तिथल्या संगणकावरून त्या अमेरिकन संस्थेच्या यंत्राला खालच्या पाच ओळींचं पत्र पाठव. ते यंत्रच पत्र वाचतं आणि पत्रातूनच फाईल पाठवतं. अक्षर न् अक्षर जसंच्या तसं उतरवावं.

खाली तांबड्या शाईत पाच इंग्रजी ओळी होत्या. उघडा, अमुक खोलीत जा, तमुक फाईल दे, संपलं, अशा तऱ्हेच्या.

ती कचेरी परभणीत होती. नाव कशाला घ्या. माणसं भली होती. दिनकरराव अर्धी रजा टाकून एसटीनं गेले. गच्चीवर पांढरी छत्री आभाळाकडं तोंड करून उभी होती, ती पाहून त्यांना जरा बरं वाटलं. आपल्यासारखंच कुणीतरी वर बघणारं आहे म्हणून.

साहेबांनी दरखास्त दोनदा वाचली.

"हे कोणत्या सदरात घ्यायचं?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे पर्जन्य, पेरणी, टंचाई आणि इतर, अशी चार सदरं आहेत. इतर सध्या भरलंय." साहेबांनी डोळे मिटून विचार केला. "आकाशाचंच आहे ना हे? मग पर्जन्य."

अशा रीतीनं 'पर्जन्यविषयक (तारा)' ही नस्ती उघडली गेली आणि चंद्रभानकडं गेली. चंद्रभान म्हणजे पंचेचाळिशीचा टंकलेखक. अठरा वर्षं टाइपरायटर बडवल्यावर त्याला तीन आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन संगणकापुढं बसवलं होतं. ओळ संपल्यावर घंटी वाजत नाही, याचं दुःख त्याला अजून गिळता आलं नव्हतं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची आणि तो प्रत्येक कळ अशी हाणायचा की टेबलावरचा चहा हिंदकळायचा.

पाच ओळी दहा मिनिटांत झाल्या असत्या. पण साहेब म्हणाले, या कचेरीतून मायन्याशिवाय पत्र जात नाही. तेव्हा वर "रिस्पेक्टेड सर" आलं, मग विषय, मग संदर्भ, मग "वरील विषयास अनुसरून सविनय सादर की", आणि मग कुठं त्या पाच ओळी. खाली "आपला विश्वासू" आणि चंद्रभानचं नाव. पत्र गेलं.

दोन दिवसांनी, दुसरी अर्धी रजा खर्ची घालून, दिनकरराव उत्तर बघायला गेले. उत्तर लांबलचक होतं. चंद्रभान वाचून दाखवत होता आणि दिनकरराव त्याचा अर्थ सांगत होते. यंत्रानं लिहिलं होतं : 'रिस्पेक्टेड' हा हुकूम समजला नाही. 'विषय' हा हुकूम समजला नाही. 'संदर्भ' हा हुकूम समजला नाही. असे एकेका ओळीचे वाभाडे काढत ते तळाशी आलं होतं. तिथं होतं, 'चंद्रभान' हा हुकूम समजला नाही. फार चुका झाल्यामुळे काम सोडून देत आहोत.

चंद्रभाननं चष्मा काढला. "अठरा वर्षं नौकरी झाली सर. आसं तोंडावर कुनी म्हनलं न्हवतं."

साहेबांनाही ते लागलं. पण माणूस व्यवहारी. त्यांनी तोड काढली : मायन्यासकट एक प्रत नस्तीला लावायची आणि बिनमायन्याची यंत्राला पाठवायची. म्हणजे अदब कागदावर राहील आणि काम वरून होईल.

दुसरं पत्र गेलं. उत्तर आलं, अशी फाईल अस्तित्वात नाही.

बोरीत हे कळायला वेळ लागला नाही. दिनकरराव एसटीतून उतरले की स्टँडवर पाच-सहा जण वाट बघत असायचेच. जत्रेत पोरगं हरवलेल्या बापाला विचारावं तशा सुरात ते विचारायचे, "लागला का तपास?"

"न्हाई म्हणायलेत का? म्हनारच!" किशनराव म्हणाले. "त्यांना खबर लागली आसंल. दाबायलेत. मास्तर, तुमी आमदारसायबाची चिठ्ठी घेऊन जा."

"अमेरिकेत आमदारांची चिठ्ठी कशी चालेल?"

"चालंना का. वजन पडतं."

दिनकररावांनी वाद घातला नाही. हल्ली त्यांनी वाद घालणं सोडलंच होतं. रात्री जेवताना त्यांनी राधाकिशनचं पत्र पुन्हा डोळ्यांजवळ धरलं, तेव्हा ध्यानात आलं की फाईलच्या नावातलं शेवटचं अक्षर मोठ्या लिपीतलं आहे आणि चंद्रभाननं धाकटं हाणलं होतं. यंत्राच्या लेखी थोरलं आणि धाकटं ही दोन वेगळी अक्षरं होती. एवढ्या अंतरावरून एवढा मानापमान!

तिसऱ्या खेपेला मात्र चंद्रभान तयारीनं बसला होता. त्यानं प्रशिक्षणाची वही काढली होती.

"सर, नावाची झंझटच नको. हितं लिहून ठेवलंय बगा मी. नाव पक्कं ठाव नसलं तर चांदणीचं चिन्ह टाकायचं. बराबर सापडतंय."

दिनकरराव दमले होते. एसटीत पाण्याच्या पिंपांमध्ये उभं राहून आले होते. चांदणी हा शब्द त्यांना शुभच वाटला. "टाका," ते म्हणाले.

चांदणीच्या चिन्हाचा अर्थ 'जे असेल ते सगळं' असा असतो, हे त्या दोघांना सोमवारी समजलं. यंत्रानं फाईल पाठवायला घेतली होती. मग दुसरी. मग तिसरी. दिनकररावांना एक तारा हवा होता, आणि चंद्रभाननं एकच चांदणी टाकली होती, तर अख्खं आकाश परभणीकडं निघालं. शनिवार-रविवार कचेरी बंद होती आणि पत्रं येतच होती. सोमवारी साडेदहाला साहेबांनी कुलूप उघडलं तेव्हा संगणकात तिळाएवढी जागा उरली नव्हती, आणि पाणीटंचाईचा साप्ताहिक अहवाल वर जायचा होता तो दारातच अडकला होता. मुंबईहून विचारणा आली, परभणी जिल्ह्यात टँकर किती? उत्तर जाईना.

साहेब अशा वेळी ओरडत नसत. ते नियम काढत. आलेलं प्रत्येक पत्र छापून आवक नोंदवहीत चढवावं आणि मगच खोडावं, असा त्यांनी हुकूम केला. छापणारं यंत्र दोन दिवस करवतीसारखं किरकिरत राहिलं. भोकाभोकांच्या कागदाची लांबच लांब घडी टेबलावरून खाली, खालून दारापर्यंत गेली. आवक-जावकचा कारकून मुंजाजी एकेका तुकड्यावर शिक्का मारून क्रमांक घालत होता. कागदावर ताऱ्यांचं नाव नव्हतं, आकडा नव्हता. नुसती चिन्हांची बुजबुज. फक्त प्रत्येक ओळ इंग्रजी एम अक्षरानं सुरू होत होती.

"एम म्हंजे मराठवाडा आसंल," मुंजाजी म्हणाला. "त्यांनी आपलं मार्किंग करून पाठवलंय."

पत्रातून पाठवण्यासाठी फाईल अशी चिन्हांत गुंडाळलेली असते आणि दुसऱ्या एका युक्तीनं ती सोडवावी लागते, हे राधाकिशननं पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं. मागची बाजू वाचायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

लेखी खुलासा मागवला गेला. चंद्रभानचा हात चालेना, म्हणून तो दिनकररावांनीच लिहून दिला. त्यातलं एक वाक्य कचेरीत पुष्कळ दिवस गाजलं : 'संपूर्ण आकाश मागवण्याचा आमचा हेतू नव्हता.' खाली चंद्रभाननं सही केली. बढतीच्या वर्षात हा कागद आपल्या सेवापुस्तकात बसणार, हे त्याला ठाऊक होतं. ती सही बघून दिनकरराव जास्त खचले. आपल्या खुळापायी आपण चेष्टेचा विषय झालो, ते चालण्यासारखं होतं; पण या माणसानं कधी मान वर करून आभाळही बघितलं नसेल.

"चंद्रभानराव, राहू द्या आता," ते म्हणाले. "मी दरखास्त मागं घेतो."

चंद्रभाननं सही वाळायला फुंकर घातली. "आता कामून मागं घेता सर? इतकं झाल्यावर? त्यानं मला हुकूम समजत न्हाई म्हनलंय. मी आता समजून दावतो त्याला."

आणि त्यानं चौथं पत्र बसून, एकेक कळ हळू दाबत, स्वतःच लिहिलं. मायना नाही, चांदणी नाही, शेवटचं अक्षर थोरलं. तीन दिवसांत फाईल आली. अकरा तुकड्यांत. पैकी सातवा नव्हता. सातव्यासाठी पाचवं पत्र गेलं. सातवा आला. चंद्रभाननं सगळे तुकडे सांधून एका काळ्या चौकोनी फ्लॉपीवर उतरवले. ती शहरातल्या एका कॉलेजात नेऊन उघडायची होती, कारण सोडवायची युक्ती तिथल्या संगणकात होती. फक्त ती दिनकररावांच्या हाती देण्याआधी मुंजाजीकडं नोंदीला गेली.

मुंजाजी कामाला चोख. त्यानं फ्लॉपीवर बॉलपेननं जोर देऊन जावक क्रमांक लिहिला, तारीख लिहिली, आणि वर कचेरीचा गोल शिक्का असा हाणला की खिडकीतलं पाखरू उडालं. कॉलेजातल्या संगणकानं ती फ्लॉपी तोंडात घेतली, घरघर केली आणि बाहेर टाकली; शिक्क्याखाली आतली नाजूक चकती चेपली होती. मूळ पत्रं तोवर साहेबांच्या हुकमानं खोडून झाली होती.

दिनकरराव कचेरीच्या पायरीवर बसले. पाडवा तीन दिवसांवर आला होता. घरी नर्मदाबाईंनी सत्काराचा पांढरा सदरा धुऊन इस्त्री करून ठेवला होता. त्या सदऱ्याचीही त्यांना आता भीती वाटत होती.

चंद्रभान त्यांच्या शेजारी येऊन बसला. "सहावं पत्र धाडलंय सर. परवा या."

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी तो कचेरीच्या फाटकाबाहेर उभा होता. इकडं-तिकडं बघून त्यानं शर्टाच्या खिशातून दुसरी फ्लॉपी काढली. वरून कोरी. तिच्यावर ना क्रमांक, ना शिक्का.

"नोंद?" दिनकररावांनी विचारलं.

"नोंद न्हाई," चंद्रभान म्हणाला. अठरा वर्षांत त्याच्या हातून पहिल्यांदा काहीतरी बिनजावक बाहेर पडत होतं. "चला लौकर."

कॉलेजात फाईल उघडली. या वेळी चिन्हं नव्हती, आकडे होते. ओळीखाली ओळ, हजारो. दिनकररावांनी वहीत लिहून आणलेली जागा समोर धरली आणि बोट पडद्यावरून खाली सरकवत नेलं. चंद्रभान शेजारून वाचत होता. पंधरा मिनिटांनी बोट थांबलं.

तारा होता. ती जागा, ती तेजस्विता, आणि पुढं एक लांबलचक क्रमांक. बारा वर्षांपूर्वीच फोटोत आलेला. दिनकररावांच्या त्या जाडजूड नकाशातूनच काय तो गळला होता.

"सापडला!" चंद्रभान ओरडला. मग त्यानं दिनकररावांचं तोंड पाहिलं. "...सापडायला नको हुता का सर?"

"नको होता," दिनकरराव म्हणाले.

पाडव्याला पंचायतीपुढं माणसं जमली. दिनकररावांनी शाल खांद्यावर पडायच्या आतच उभं राहून सांगून टाकलं, की तारा नवा नाही, यादीत आहे, माझी चूक झाली. दीड महिना तोलून धरलेलं ओझं दोन वाक्यांत खाली ठेवलं गेलं, आणि इतक्या छोट्या जागेत ते मावलं याचंच त्यांना नवल वाटलं.

किशनरावांनी पटका सावरला.

"म्हंजे आपल्या आधीच कुनीतरी सातबाऱ्यावर चढवून घेतला म्हना की. कुनी बघितला तेनं?"

"कुणी एकानं नाही. यंत्रानं फोटो काढले. मोजले पण यंत्रानंच. कोटीच्या वर तारे आहेत त्या यादीत."

"मंग त्याच्याकडं मुद्दाम आसं कुनी बघितलंच न्हाई?"

दिनकररावांनी असा विचार केला नव्हता. "बहुतेक... नाही," ते म्हणाले.

"मंग घाला शाल," किशनराव म्हणाले. नारळ आणून झाला होता, आणि आणलेला नारळ परत नेण्याची बोरीत रीत नव्हती.

गाव आठ दिवसांत विसरलं. म्हणजे तारा विसरलं. मास्तरांची फजिती ठेवून घेतली. वर्गात मागच्या बाकावरून "नकाशात न्हाई" असं दबक्या आवाजात यायचं, तेव्हा दिनकरराव फळ्याकडं तोंड करून लिहीत राहायचे. दुर्बिणीवर त्यांनी गोणपाट टाकलं होतं.

अशात एका रविवारी संध्याकाळी दारात चंद्रभान उभा. पायांवर एसटीची धूळ, काखेत नस्ती. नर्मदाबाईंनी पाणी दिलं, चहा टाकला.

"सायबांनी पाठवलंय," तो म्हणाला. "नस्ती बंद करायचीय. दरखास्तीचं काय झालं, एका ओळीत शेरा पायजे. अर्जदाराची सही अन् खाली माझी."

दिनकररावांनी पेन घेतलं. "काय लिहू? काही झालं नाही, असं लिहितो."

"लिवा तुमी. पन सर, माझी बी सही हाय त्याच्यावर. तुमी म्हंता हाय, फाईल म्हंते हाय. मी न्हाई बगितला आजून." तो जरा अवघडला. "बगितल्याबिगर मी सही करीत न्हाई. एकदा खुलासा दिलाय."

दिनकरराव त्याला घेऊन वर गेले. गोणपाट काढलं. आभाळ मोकळं होतं. पुंजका पश्चिमेकडं झुकला होता पण अजून चांगला उंच होता. त्यांनी नळी फिरवली, नेम धरला आणि बाजूला झाले. चंद्रभाननं चष्मा खिशात ठेवला, हात मागं बांधले आणि वाकला. तो बराच वेळ तसाच होता. किशनरावांच्या गच्चीवरची बाज करकरली आणि थांबली.

"डावीकडचा?" चंद्रभाननं हळूच विचारलं.

"डावीकडचा."

"शेजारी दोन लहान, अन् खाली एक तांबूस?"

"हां. तोच."

"ह्येच्यापायी केलं आपन सगळं," चंद्रभान म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. मग आणखी थोडा वेळ बघून तो सरळ झाला आणि त्यानं नस्ती उघडून कठड्यावर ठेवली.

नर्मदाबाईंनी खालून कंदील वर दिला. दिनकररावांनी त्या उजेडात, वळणदार अक्षरांत, एक ओळ लिहिली : 'समक्ष पाहणी केली. तारा जागेवर आढळला.' खाली सही केली, तारीख घातली. त्याखाली चंद्रभाननं केली.